नवागामच्या शेडमधले बोल्ट

सुरतेला निघालो म्हटल्यावर आपल्याकडे एकच निरोप येतो, 'येताना साड्या घेऊन या.' यंदा मार्चमध्ये मीही तीन घरांची यादी खिशात घालून निघालो. साड्या आणल्या, त्या ज्याच्या त्याला पोचल्या. पण त्यांच्याबरोबर पिशवीत तारेचा एक वीतभर पीळही आला. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तोच जास्त दाखवतो आहे. त्या पिळाची ही गोष्ट.

खरे तर मी साड्यांसाठी गेलोच नव्हतो. माझी आतेबहीण लग्न होऊन इचलकरंजीला गेली आणि तिथून नवऱ्याबरोबर सुरतेला. तिचा एका रात्री फोन आला. "दादा, तू एकदा येऊन जा. बापलेक बोलत नाहीत. दोन महिने झाले. जेवायलासुद्धा एका वेळी बसत नाहीत." कारण विचारले तर म्हणाली, "एका नटावरून." मला आधी ऐकण्यात चूक झाली असे वाटले. पण तिने पुन्हा तेच सांगितले.

तापीच्या काठाने आलेली माणसे

बंगळूरकडून गुजरात-राजस्थानात जाणाऱ्या गाड्या बेळगाव, मिरज, पुणे, वसई रोड अशा वळणाने सुरतेला पोचतात. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नवागाम म्हटले, तर त्याने विचारले, "डिंडोलीवाळुं?" नवागाम म्हणजे नवे गाव. आपल्याकडे नवेगाव, होसूर, होसहळ्ळी जागोजागी असतात, तशीच नवागामे सुरत जिल्ह्यातही एकाहून जास्त आहेत. कामरेजकडेही एक आहे. आमचे नवागाम शहराच्या आग्नेय अंगाला, उधन्याच्या पलीकडे, डिंडोलीला लागून. त्याला नाव नव्या गावाचे असले, तरी आता ते गाव राहिलेले नाही. सुरत शहराने ते केव्हाच पोटात घेतले आहे.

इथे उतरल्यावर मराठी माणसाला पहिला धक्का कानांना बसतो. पाट्या गुजराती, पण बोलणे मराठी, आणि त्यातही अहिराणी. "कसं शे भाऊ?" असे कुणीतरी कुणालातरी विचारत असते. याचे कारण नकाशात दिसते. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली तापी खान्देशातून वाहत सुरतेला समुद्राला मिळते. उधन्याहून निघालेली रेल्वेही त्याच खोऱ्याने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जाते. पाणी आणि रूळ ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने माणसे आली. पाऊस हुकला, शेत तुटपुंजे पडले की धुळे-जळगाव-नंदुरबारचा तरुण गाडीत बसतो आणि सुरतेच्या कापडात पोट शोधतो. नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या भागांत अशी हजारो घरे आहेत. सुरत महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांतूनही चालतात. दोन भाषांच्या सांध्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून बरे वाटते.

यंत्रमागाला इथे 'संचा' म्हणतात आणि मागांच्या कारखान्याला 'खातं'. जुन्या धोट्याच्या मागांची जागा आता पाण्याच्या फवाऱ्याने धागा नेणाऱ्या मागांनी बरीच घेतली आहे. तरीही एखाद्या गल्लीत शिरले की तो जुना खटखट आवाज येतोच. इचलकरंजीच्या माणसाला तो ओळखीचा. तिथे विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये बसवला, आणि गावाची झोप तेव्हापासून त्याच आवाजात लागते.

आमचे दाजी त्याच आवाजात वाढले. इचलकरंजीत ते जॉबर होते. मागाची दुरुस्ती, जुळणी, कुरकूर सगळे जॉबर बघतो. सुरतेला आल्यावरही तेच काम केले. आता नवागाममध्ये त्यांचे स्वतःचे छोटे दुरुस्तीचे शेड आहे. एक लेथ, एक ड्रिल, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. उजव्या हाताची दोन बोटे मात्र पेरापाशी संपतात. ती का संपतात हे घरात कुणी बोलत नाही. मलाही ते यावेळीच कळले.

शेडमधले विमान, म्हणजे त्याचा पुढचा भाग

भाच्याने मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे. दिवसा एका कारखान्यात नोकरी, संध्याकाळी वडिलांच्या शेडमध्ये. त्याच्या टेबलावर कॅप्टन अमोल यादव यांचे वर्तमानपत्रातले छायाचित्र चिकटवलेले आहे. वाचकांना ते नाव आठवत असेल. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर या वैमानिकाने सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते क्रेनने खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले. नोंदणीसाठी पुढे नोव्हेंबर २०१७ उजाडला, आणि उडवून पाहण्याचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. चाचणीचे उड्डाण झाले ते २०२० मध्ये, धुळ्याच्या धावपट्टीवर. धुळे म्हणजे नवागामच्या निम्म्या घरांचे माहेर. त्यामुळे 'आपल्या धुळ्यात उडालं' ही बातमी इथे जरा जास्तच घरची झाली.

भाच्याला ते वेड तेव्हापासून लागले. पण तो अविचारी नाही. घरी बांधलेले विमान हवेत न्यायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते, आणि ती का लागते हेही त्याला ठाऊक आहे. म्हणून त्याने विमान बांधलेच नाही. बांधले ते फक्त नाकाडे. लोखंडी चौकटीवर जुन्या मोटारीचे तीन सिलिंडरचे इंजिन, त्यावर एक छोटी पुली, वर मोठी पुली, मध्ये दातेरी पट्टा, आणि मोठ्या पुलीच्या आसावर लाकडी पंखा. हा पंखा एका पॉवर्ड हँगग्लायडरवरून उतरवलेला, जुना, पण नीट. चौकट जमिनीत काँक्रीटने गाडलेली आणि पंख्याभोवती जाळीचा पिंजरा.

दोन पुल्यांचे कारण त्याने मला समजावले. "मामा, मोटारीच्या इंजिनाला जोर यायचा तर ते मिनिटाला चार-पाच हजार फेरे फिरायला पाहिजे. पण एवढा लांब पंखा तेवढ्या वेगानं फिरवला तर टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात. नुसता गोंगाट होतो, ओढ मिळत नाही. म्हणून मध्ये वेग निम्म्यावर आणायचा." घरी विमान बांधणारे जगभर असेच करतात. मोटारीचे इंजिन स्वस्त आणि सहज मिळणारे. पण इंजिन आणि पंखा यांच्यामधला हा सांधा त्यांना जेवढा छळतो तेवढे दुसरे काही छळत नाही. आणि या सांध्यात छळणारे काय, तर बोल्ट.

भांडण तिथेच झाले होते. जानेवारीत एका रविवारी भाच्याने इंजिन चालवले. बंद केल्यावर दाजी सहज जवळ गेले, आणि खालच्या पुलीच्या बोल्टांभोवती त्यांना तांबूस भुकटी दिसली. त्यांनी एक शब्द न बोलता बॅटरीची वायर काढली, शेडला कुलूप लावले आणि किल्ली कनवटीला खोचली. मुलगा म्हणाला, "अण्णा, मी पुस्तकात दिलेल्या आकड्याला टॉर्क पान्यानं आवळलंय." वडील म्हणाले, "कवा?" मुलगा म्हणाला, "श्रावणात." त्यानंतर संभाषण बंद.

उसाची मोळी

मी पोचलो त्या रात्री जेवणानंतर बहिणीने माझ्याकडे बघून हळूच म्हटले, "स्वल्प हेळपा अवग." आमच्या माहेरची ही जुनी खोड. दुसऱ्याला कळू नये असे काही असले की कन्नडात बोलायचे. पण इचलकरंजीच्या माणसाला कानडी न कळायला काय झाले? दाजी तिकडून म्हणाले, "हेळा हेळा. मलाबी सांगा, त्यालाबी सांगा." पहिल्यांदा सगळे हसले. आणि मग दाजींनी तो तांबूस भुकटीचा विषय स्वतःच काढला.

"पाव्हणं, बोल्ट काय करतो सांगा बघू?"

मी म्हटले, "दोन वस्तू धरून ठेवतो."

"धरून न्हाई, दाबून ठेवतो. उसाची मोळी बघितलीसा न्हवं? वाढ्याचा आळा घट्ट असला की मोळी एका लाकडासारखी डोक्यावर बसती. आळा सैल पडला की एकेक ऊस सरकतोय. आळा तुटलेला नसतोय. पण मोळी मोळी ऱ्हात न्हाई."

अभियांत्रिकीची पुस्तके जे सांगतात ते हेच आहे. बोल्ट आवळला की तो केसभर ताणला जातो, एखाद्या ताठ स्प्रिंगसारखा. तो ताण दोन्ही भागांना एकमेकांवर दाबतो, आणि त्या दाबामुळे झालेले घर्षण सगळा जोर वाहून नेते. बोल्टाच्या दांड्यावर आडवा मार बसतच नाही, बसायला नको. दाब कमी झाला की पृष्ठभाग एकमेकांवर किंचित घसरू लागतात. लोखंडावर लोखंड घासून निघालेली बारीक पूड गंजते. तीच ती तांबूस भुकटी. मग भोके लांबट होतात, दांड्याला दर ठोक्याला आडवा हिसका बसतो आणि एक दिवस तो मोडतो. मोडलेला बोल्ट बघून लोक म्हणतात, कच्चा होता. बहुतेक वेळा तो कच्चा नसतो, सैल असतो.

नट आपोआप का फिरतो, याचे उत्तरही या घसरण्यातच आहे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये एक यंत्र बांधून दाखवून दिले की नट सैल करण्यात उभ्या धक्क्यांपेक्षा आडव्या सरकण्याचा हात फार मोठा असतो. नटाखालचा पृष्ठभाग आडवा घसरला की आट्यांमधले घर्षण क्षणभर सुटते आणि नट तेवढ्यात उलटा सरकतो. दर ठोक्याला जरासा. दाजींचा जुना माग मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके मारायचा. बारा तासांच्या पाळीत लाखाच्या वर. भाच्याचे तीन सिलिंडरचे इंजिन तीन हजार फेऱ्यांवर सेकंदाला पंचाहत्तर ठोके देते. वीस मिनिटांत नव्वद हजार. म्हणजे मागाची जवळजवळ एक अख्खी पाळी ते वीस मिनिटांत उरकते.

हा हिशेब भाच्याने पाटीवर मांडला तेव्हा दाजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी उजवा हात दिव्याखाली धरला. "त्या मागाची मोटारीची पुली दोन दिस कुरकुरत हुती. मी म्हणालो, उद्या बघतो. तिसऱ्या दिशी पट्टा निसटला, तवा हात जवळ हुता." एवढेच बोलले. बहीण उठून आत गेली. मुलाने हे आधी कधीच ऐकले नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

१९०३ ची दोन सायकल दुकाने

वातावरण जरा हलके व्हावे म्हणून मी राइट बंधूंची गोष्ट काढली. त्यांचे विमानही घरी बांधलेलेच. ओहायोतल्या डेटन गावी सायकलींचे दुकान चालवणारे हे दोघे भाऊ. इंजिन त्यांच्या दुकानातला मेकॅनिक चार्ल्स टेलर याने बनवलेले, आणि इंजिनाचा जोर दोन पंख्यांपर्यंत नेणारी साखळी सायकलीसारखी. नोव्हेंबर १९०३ मध्ये किटी हॉकजवळच्या वाळूत त्यांनी इंजिन सुरू केले, तर साखळीची दातेरी चाके आसांवर सैल होऊ लागली. आवळली, पुन्हा सैल. पुन्हा आवळली, पुन्हा सैल. शेवटी त्यांनी सायकलीच्या रिंगेला टायर चिकटवायचे घट्ट सिमेंट घेतले, आस आणि चाक तापवले, ते सिमेंट आट्यांमध्ये वितळवून सोडले आणि फिरवून बसवले. चाके पुन्हा हलली नाहीत. पुढे पोकळ आसाला चीर गेली, तेव्हा ऑर्व्हिल घरी जाऊन भरीव पोलादी आस करून घेऊन आला. मग १७ डिसेंबरचे ते १२ सेकंद.

"म्हणजे पहिल्या विमानाची पहिली तक्रार नटाचीच," भाचा म्हणाला. आज तेच काम बाटलीतून मिळते. अमेरिकी रसायनतज्ज्ञ व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये हवेपासून तुटल्यावरच घट्ट होणारा द्रव काढला. आट्यांमध्ये हवा नसते, म्हणून तो बाटलीत पातळ राहतो आणि नटात दगड होतो.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक जुळणी सांगायला हवी. १९०३ च्या त्याच साली आपल्या बेळगावातही एका सायकल दुकानातून निघालेले दोन भाऊ लोखंडाशी झगडत होते. लक्ष्मणराव आणि रामूअण्णा किर्लोस्कर. त्यांचा लोखंडी नांगर त्याच वर्षीचा. पुढे १९१० मध्ये कारखाना कुंडलच्या माळावर गेला, ते किर्लोस्करवाडी झाले. आज आपल्याच जिल्ह्यात हत्तरगीच्या औद्योगिक वसाहतीत परदेशी विमानांचे सुटे भाग घडतात. सायकलीचा पाना हातात घेतलेला माणूस कुठपर्यंत जाईल, सांगता येत नाही. तो पाना नीट वापरला तर.

नेलपॉलिश आणि टॉर्क पाना

दुसऱ्या दिवशी रविवार. दाजींनी कनवटीची किल्ली काढून मुलाच्या हातात दिली. म्हणाले, "आधी बघायचं, मग चालवायचं."

पहिल्यांदा लाकडी पंखा. त्याचे सहा बोल्ट. श्रावणात बसवताना भाच्याने प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर लाल रेघ ओढली होती. ही सवय वडिलांचीच. रेघ सरळ असेल तर बोल्ट फिरलेला नाही. रंग म्हणून आईच्या नेलपॉलिशची बाटली वापरली होती, ती अजून परत गेली नव्हती. दाजींनी चष्मा लावून सहाही रेघा पाहिल्या. एकही तुटलेली नव्हती. "ह्ये बराबर हाय," ते म्हणाले.

भाच्याने टॉर्क पाना लावला. या पान्यावर जोराचा आकडा लावता येतो, आणि तेवढा जोर झाला की तो 'टक्' करतो. पंख्याच्या पट्टीवर कोरलेला आकडा त्याने लावला आणि पहिला बोल्ट ओढला. टक् व्हायच्या आधी बोल्ट फिरला. चांगला पाव फेऱ्याच्या निम्मा. दुसरा फिरला, तिसराही. सहाच्या सहा बोल्ट सैल, आणि रेघा मात्र सहाच्या सहा सरळ!

दाजी पाहत राहिले. आयुष्यभर ज्या खुणेवर भिस्त ठेवली तीच गप्प बसली होती. कारण साधे होते. बोल्ट फिरले नव्हतेच, लाकूड बारीक झाले होते. आपल्या बेळगावी आषाढ-श्रावणात दारे फुगतात, बाथरूमचे दार तर लाथ मारल्याशिवाय लागत नाही. माघ-फाल्गुनात तेच दार चौकटीत खुळखुळते. पंखाही लाकूडच. सुरतेच्या पावसाळी हवेत फुगलेला असताना आवळला, कोरड्या दिवसांत तो आकसला आणि बोल्टांचा ताण उतरला. उलट कोरड्यात करकचून आवळून पावसाळ्यात सोडला तर फुगलेले लाकूड बोल्टाखाली चिरडते. म्हणून लाकडी पंख्याचे बोल्ट पहिल्या उड्डाणानंतर, मग पंचवीसेक तासांनी, आणि ऋतू बदलला की पुन्हा तपासायचे असतात. भाच्याने हे वाचले होते. फक्त न चालवलेल्या पंख्यालाही ऋतू लागतो, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

मग खालच्या पुलीचे चार बोल्ट. इथे उलटे झाले. जुनी भुकटी पुसून, आकड्याप्रमाणे आवळून, नव्या रेघा ओढल्या. सगळे पिंजऱ्याबाहेर, पंख्याच्या फिरण्याच्या रेषेपासून दूर उभे राहिले. वीस मिनिटे इंजिन चालले. शेडचे पत्रे थरथरत होते. बंद करून, बॅटरीची वायर काढून, गार होऊ दिले. चारांतल्या दोन रेघा तुटल्या होत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या.

"टॉर्क तर बरोबर होता," भाचा म्हणाला. दाजींनी काही न बोलता पुली उतरवायला लावली. मागच्या बाजूवर बोट फिरवले आणि मुलाला दाखवले. पुलीला सुंदर निळा रंग होता. पुढूनही आणि मागूनही, जिथे लोखंडाला लोखंड टेकते तिथेसुद्धा. बोल्टांच्या भोवती तो रंग चेचून निघाला होता. रंगाचा थर दाबाखाली बसत जातो. तो बसला तेवढा बोल्टाचा ताण उतरतो. ताण उतरला की घसरण सुरू, आणि घसरण सुरू झाली की नट फिरतो. पान्याचा आकडा खरा होता, पण तो त्या घटकेपुरता.

त्या आकड्याचेही एक गुपित आहे. आपण पान्याला लावलेल्या शंभर भाग जोरातले नव्वदच्या आसपास भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातात. बोल्ट ताणायला उरतात दहाएक. म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला, तर तोच 'टक्' येईपर्यंत बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. गंजलेल्या आट्यांवर उलट होते, पाना टक् करतो आणि बोल्ट सैलच राहतो.

"आता रंग खरवडायचा," दाजी म्हणाले, "भोकं लांबट झाली का मापायची, बोल्ट नवं घ्यायचं. जुनं परत घालायचं न्हाई."

"पुढच्या रविवारी करू या अण्णा," मुलगा सवयीने म्हणाला. आणि म्हणता म्हणताच थांबला. दाजींचा हात पान्यावर होता, ती दोन अर्धी बोटे समोरच. "नाही," तो म्हणाला, "आत्ताच." दोघे जण खाली बसले आणि पॉलिशपेपर घेऊन रंग खरवडू लागले. जेवायला हाका मारूनही लवकर उठले नाहीत. शेवटी एका ताटात एक, शेजारच्या ताटात दुसरा, असे दोघे शेडमध्येच जेवले.

तारेचा पीळ

दुपारी भाच्याने मला तारबंदी शिकवली. विमानात बोल्टाच्या डोक्याला बारीक भोक असते. त्यातून न गंजणारी तार ओवून, दोन्ही टोके एकमेकांवर पिळून, शेजारच्या बोल्टाच्या भोकात नेतात. एक बोल्ट उलटा फिरू पाहील तर तार दुसऱ्याला आवळायच्या बाजूला ओढते. नेहमीच्या जाडीच्या तारेला इंचाला सहा ते आठ पीळ. कमी पडले तर तार डुलते, जास्त झाले तर तुटते. बहीण मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "वातीचा पीळ असाच असतो की." आणि भाच्याने तीन वेळा तोडलेली तार तिने पहिल्या खेपेत नीट वळून दिली. माझ्या पिशवीत आलेला पीळ तिने वळलेला.

पण भाच्याने लगेच बजावले, "मामा, तार नट पडू देत नाही. सैल होऊ देत नाही असं नाही." पंख्याला तार असती तरी लाकूड आकसलेच असते. खिळ्यासारखी पिन, नायलॉनच्या कड्याचा नट, आट्यांत सोडायचा द्रव, प्रत्येकाचे काम निराळे. नायलॉनचा नट बोटांनी फिरू लागला की फेकायचा. ज्या स्प्रिंग वायसरवर दाजींची पिढी विसंबली, तो आडव्या सरकण्यापुढे फारसा टिकत नाही, हे त्यांनी त्या दिवशी मुलाकडून ऐकून घेतले. वाद घातला नाही. आणि मुलाने ऐकून घेतले की पुस्तकातला आकडा आवळण्याच्या दिवशीचा असतो. नंतरच्या दिवसांचे बघायला डोळे आणि हात दोन्ही लागतात. डोळ्यांना फिरलेला नट दिसतो. न फिरता सैल झालेला फक्त हाताला कळतो.

संध्याकाळी बहिणीने स्वयंपाकघरातले कालनिर्णय काढून शेडमध्ये टांगले. दुधाचा खाडा जसा लिहितो तसे आता त्यावर लिहिले जाते: किती मिनिटे चालले, कुठला बोल्ट किती फिरला, कुणी बघितला. बघणाऱ्याची सही दोघांची. पहिल्या ओळीपुढे तिने विचारले, "बिगी ऐतेन नोड." घट्ट आहे का बघ. आपल्या मराठीत 'बिगी बिगी' म्हणजे लवकर लवकर, आणि कानडीत 'बिगी' म्हणजे घट्ट. कानडीतले 'सडिल' म्हणजे सैल, मराठीत 'सढळ' हाताने वाढतात. दोन्ही 'शिथिल'च्या घरातले शब्द. सीमेवर वाढलेल्या बाईला एका वाक्यात दोन्ही अर्थ वापरता येतात. लवकर बघ आणि घट्ट आहे का बघ.

परतीच्या गाडीत मिरज येईपर्यंत मी त्या पिळाशीच चाळा करत होतो. बेळगावात पहाटे घरी पोचलो. उकाडा सुरू झाला होता, दिवाणखान्यातला पंखा लावला. तो गेले वर्षभर जरासा हलतो आणि आम्ही त्याला 'त्याचा आवाजच तसा' म्हणतो. मी पंखा बंद केला, मेन स्विच बंद केला, स्टूल आणले आणि वरची वाटी खाली सरकवली. दांडीच्या बोल्टावर नट होता. त्याच्या पुढे जी दुपाती पिन असायला हवी, ती नव्हती. भोक रिकामे. खाली आम्ही रोज जेवायला बसतो.

सौभाग्यवती म्हणाल्या, "आत्ता आलात ना, चहा तरी घ्या. उद्या बघा." मी दुकान उघडेपर्यंत ओट्यावर बसून राहिलो. दोन रुपयांची पिन आणली, नट पान्याने आवळला, पिन घालून तिची पाती वाकवली. मग खाली उतरून कॅलेंडरवर तारीख लिहिली, आणि सही केली.